मौजे चिंचखडी येथील मुकादमकीच्या जंगाची व तीन बशा चहाची हकीकत

ज्याचं जे दैवत असंल ते प्रसन्न, आणि त्याच्या शेजारी थोडं सरकून वीसतोंड्या फासा प्रसन्न.

शके एकोणीसशे आठ, क्षय नाम संवत्सरे, वैशाख वद्य द्वितीया, आदितवार, ते दिवशी मौजे चिंचखडी, परगणे नळदुर्ग, येथील दूध सोसायटीच्या खोलीत जो जंग जाहला, त्याची हकीकत खरी खरी, तिखटमीठ बेतानंच लावून, तुम्हां गड्यांच्या हुजुरास सादर करायलोय, तर बिड्या विझवा आणि मधी बोलू नका. संवत्सराचं नाव क्षय हे आमी ठेवलेलं न्हाय, पंचांगातच तसं हाय. आणि त्या साली हिरी क्षयल्या, आणि बोरी नदीचं पात्र क्षयलं, आणि म्हशींचं दूध क्षयलं, आणि दूध क्षयलं म्हणून सोसायटीची खोली रिकामी पडली, आणि खोली रिकामी पडली म्हणून तीत राक्षस शिरले.

राक्षस आले कुठून म्हणाल, तर हैदराबादेकडून, ट्रकात बसून. मेहेरबान महालिंगप्पा ट्रकवाले, कानडी मुलखातल्या आळंदेच्या पलीकडचे, हमरस्त्याचे जुने जहागीरदार, हे नळदुर्गाच्या एका ढाब्यावर जेवायला उतरले असता कुणी गोरा मुसाफिर तिथं एक इंग्रजी चोपडं आणि चित्रविचित्र फाशांची थैली विसरून पसार जाहला होता. ढाबेवाल्यानं चोपड्याच्या पहिल्या वीस पानांत गिऱ्हाइकांस भजी बांधून दिलेली, आणि एकविसावं पान फाडणार एवढ्यात महालिंगप्पांनी त्याचा हात धरला, की त्या पानावर तीन डोसक्यांचा कुत्रा छापलेला होता, आणि एवढी डोसकी असलेल्या जनावरास भज्याचं तेल लागणं त्यांस बरं वाटलं न्हाय. मग ते चोपडं त्यांनी आणून आमच्या गुलाबच्या हवाली केलं, की "नोडप्पा, तुमी शिकल्याली पोरं, बघा ह्याचं काय व्हतंय."

व्हायचं ते जाहलं. चोपड्यात एक खेळ निघाला. एकानं पुढं बसून तोंडानं सांगायचं, की हे भुयार, हे दार, हा जिना, हा राक्षस. आणि बाकीच्यांनी आपण सरदार हाव ऐसं समजून, काय करणार ते बोलायचं, आणि वीस तोंडांचा फासा टाकून नशीब बघायचं. खेळाचं नाव पहिल्या पानावर असणार, ते भज्यात गेलं, सबब आमी त्यास 'भुयार' म्हणलो. आणि जिंकायचं कसं ते बी भज्यात गेलं, सबब जिंकण्याहरण्याचा निकाल सोसायटीच्या चालीनं, ठराव मांडून करावा ऐसा रिवाज पडला. जो सांगतोय त्यास इंग्रजीत काही लांबलचक हुद्दा होता. पर दुष्काळी कामावर जो स्वतः सावलीत बसून दुसऱ्यास "हिकडं खण, तिकडं खण" म्हणतोय त्यास मुकादम म्हणत्यात, म्हणून आमी बी त्यास मुकादमच म्हणलो.

ती मुकादमकी आली राजश्री मच्छिंद्र यांजकडं, कारण गावात इंग्रजीची डिक्शनरी फकत त्यांच्या घरी. हे मच्छिंद्र म्हणजे देहानं कडब्याची पेंडी. गावानं त्यांस कशातच धरलं न्हाय: कबड्डीत न्हाय, लेझमीत न्हाय, लग्नात वाढपी म्हणून बी न्हाय, की वाऱ्यानं बुंदीसकट उडून जाईल. पर सोसायटीच्या खोलीत, पोत्याच्या घडीवर ते बसले, आणि फरशीवर खडूनं भुयार आखलं, की तीन धट्टीकट्टी माणसं त्यांच्या तोंडाकडं टक लावायची, की आता हा काय म्हणतोय. एवढंच एक राज्य त्यांचं, चार फूट बाय चार फूट, तेही फडक्यानं पुसलं की साफ.

आता तिन्ही सरदारांची वळख करून घ्या. पहिले सरदार आबाराव, सोसायटीच्या चेअरमनांचे पुतणे, खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला. यांस कुठलीही अडचण आली की सभा बोलवायची खोड. दुसरे सरदार गुलाब, बोलणं कमी, नजर घारीची, फौजेचे हेर. तिसरे सरदार बब्रुवान. काय सांगू यांचा दिमाख! नळदुर्गाच्या किल्ल्यात सगळ्यांत उंच अशा उपल्या बुरजाच्या कठड्यावर पाय सोडून बसून अख्खा ऊस खाल्लेला माणूस. यांचं सांगणं एकच, की "आमाला भ्या वाटतच न्हाय, आमच्यात ती शीरच न्हाय."

आणि खरं बघू जाता त्यांस भ्या वाटेना, हीच मच्छिंद्रांची शोकांतिका. त्यांनी रातंदिस डिक्शनरी उलटीपालटी करून पहिल्या आदितवारी सात डोसक्यांचा महाभयंकर सर्प भुयारात सोडला. तर आबारावांनी तलवार म्यान करून विचारणा केली, की सातांत चेअरमन कोण? सर्पानं याचा विचार केलेला नव्हता. मग आबारावांनी तिथंच सभा भरवली, आणि डोसक्यांत निवडणूक लावली, आणि चाराविरुद्ध तीन असे तट पडून डोसकी एकमेकांस डसू लागली, आणि फौज बाजूनं चालत निघून गेली.

दुसऱ्या आदितवारी आग ओकणारा उडता अजगर आणला. त्यानं सगळ्या फौजेवर आगीचा लोट सोडला. पत्र्याच्या खोलीत, भर उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता! बब्रुवान म्हणाले, "वारं सुटलं का काय रं? जरा बरं वाटलं." अजगराची एवढी मानखंडना कुठल्या मुलखात जाहली नसंल.

तिसऱ्या आदितवारी अदृश्य राक्षस आणला. न दिसणारा! त्यावर गुलाबनं अर्ध्या घटकेत इलाज काढला, की भुयारात पंगत मांडा, आणि एक पत्रावळ जास्तीची वाढा. जी पत्रावळ मागं कुणी न बसता रिकामी व्हायला लागली, तिच्या मागं तिघांनी मिळून सोटे घातले. राक्षस मेला, तोंडात जिलबी होती.

गड्यांनो, हे राक्षस काय वाईट नव्हते. पर त्यांचा घात दोन शब्दांनी केला, आणि ते शब्द खुद्द त्यांच्या धन्याच्या तोंडातले. मच्छिंद्रांस खोड अशी, की राक्षस काढायच्या आधी ते घसा खाकरून म्हणणार, "बरं मग." दार असंल, जिना असंल, तर सरळ सांगणार. राक्षस असंल, तर "बरं मग". ही खबर तिन्ही सरदारांस पक्की होती आणि मच्छिंद्रांस तिळमात्र नव्हती. "बरं मग" आलं की तिघं तलवारी उपसून तयार, मग राक्षसानं दचकवावं तरी कसं? वाजंत्री लावून आलेल्या चोरागत त्याची गत.

ऐसे आठ आदितवार गेले आणि आठ राक्षस मातीस मिळाले. तेव्हा बब्रुवानांनी भर सभेत फिर्याद गुदरली, की ह्या मुकादमाच्या राक्षसांपरीस आमच्या गोठ्यातली पिसवा जादा दचकवत्यात, सबब मुकादमकी आमाला द्यावी. मच्छिंद्र काकुळतीस आले. मग ठराव क्रमांक एक्केचाळीस मंजूर जाहला, तो येणेप्रमाणे: येत्या आदितवारी तिन्ही सरदार डाव्या हातात काठोकाठ भरलेली चहाची बशी धरून बसतील. दिवस मावळायच्या आत मुकादमाच्या राक्षसापायी एका तरी बशीतला चहा भुईवर सांडला पाहिजे. सांडला, तर मुकादमकी मच्छिंद्राकडं कायम. न सांडला, तर चोपडं, फाशांची थैली आणि बसायचं पोतं बब्रुवानाच्या हवाली. सूचक बब्रुवान, अनुमोदक आबाराव, गुलाब तटस्थ. चहा कोरा राहील, कारण दूध सोसायटीत दूध न्हाय.

मच्छिंद्र घरी गेले ते जेवले न्हाईत. म्हणजे एक भाकर खाल्ली, पर मन लावून न्हाय.

शुक्रवार म्हणजे टँकरचा वार. टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा, आणि दुष्काळ पडल्यापासून महालिंगप्पांस ट्रकावरून उतरवून ह्याच टँकरावर नेमलेलं. आता त्या वेळचा गावचा कायदा ध्यानात घ्या, की पुढं त्यावर सगळा जंग फिरला. टँकर यायच्या आधी चिंचेखाली रांग लागायची, आणि ज्याला घटकाभर घरी जायचं असंल त्यानं आपल्या जागी काहीतरी ठेवून जायचं: फुटकी घागर, धोंडा, एक चप्पल, काहीही. वस्तू ठेवली की नंबर लागला. नंबर सोडला की गेला. सरकारचा कायदा माणसं मोडत्यात, देवाचा मोडत्यात, पर हा कायदा मोडलेला माणूस गावात पाणी पिऊन जगलेला न्हाय.

त्या रांगेत मच्छिंद्र आपल्या वहिनीच्या, म्हणजे चांगुणाबाईंच्या घागरी धरून उभे होते, आणि चेहरा सुतकी.

"भाऊजी, घागर सरळ धरा. कुठं ध्यान हाय तुमचं?"

"वहिनी, माझ्या राक्षसाला कुणी भीच ना."

चांगुणाबाईंनी पदर खोचला, आणि फर्मावलं, की सांगा बघू एक राक्षस, मी भिते का बघते.

मच्छिंद्रांनी घसा खाकरला. "बरं मग, भुयाराच्या तळाला एक..."

"थांबा. आला राक्षस."

"आँ? तुमाला कसं कळलं?"

"अवो, खोटं काढायच्या आधी तुमी 'बरं मग' म्हणताव. मला बघायला आलतांव तवा बी म्हणलांव, 'बरं मग, आमच्या घरी नळ हाय.'" चांगुणाबाईंनी हातातल्या घागरीकडं बघितलं. "चार वर्सं झाली. नळ हुडकायले अजून."

मच्छिंद्र गोरेमोरे जाहले. तिकडं रांगेत एकाएकी गलबला उठला, की बब्रुवानांच्या मातोश्री मथुराबाई, ज्यांच्या आवाजानं बोरीच्या पल्याड बैल थांबायचे, त्या भली थोरली काठी घेऊन कुणाच्या तरी डोसक्यात घालायला निघाल्या होत्या, कारण त्या कुणीतरी त्यांचा धोंडा वीतभर मागं सारला होता. काठी वर गेली. आणि नेमकी त्याच वेळी वळणावर धूळ उडाली आणि टँकरचा भोंगा वाजला. तर मथुराबाईंनी काय केलं? वर गेलेली काठी तशीच खाली आणली, आणि अलगद रांगेत ठेवली. नंबराला.

"बघितलंव?" चांगुणाबाई म्हणाल्या. "भ्या दावलं की माणूस काठी उचलतंय, भाऊजी. पायजे ते दावलं की ठेवतंय."

मच्छिंद्रांच्या डोसक्यात ऐसा लख्ख उजेड पडला, की त्यांनी घागर सोडली ती त्यांच्याच अंगठ्यावर पडली, आणि ते हसले. रांगेतल्या बायका मागं सरल्या.

मग मसलतीस आरंभ जाहला. मच्छिंद्रांनी दोन दिवस गालात चिंचोका धरला, की "बरं मग" बाहेर पडायला लागलं की चिंचोका दाताखाली यावा आणि शब्द आतच रहावा. घरच्यांनी समजूत करून घेतली की दाढ सुजली, आणि त्यांस लवंग दिली. ती बी त्यांनी धरली, दुसऱ्या गालात. चोपड्यास मात्र हात लावला न्हाय. जो राक्षस ते काढणार होते तो त्या इंग्रजी चोपड्यात असेल नसेल, चिंचखडीत त्याची माहिती पुस्तकापरीस जादा होती.

आदितवार उजाडला, आणि दुपारी चारच्या सुमारास तिन्ही सरदार फरशीवर मांड ठोकून बसले. आयुधं येणेप्रमाणे: आबारावांकडं कॅनमधलं दूध मोजायची पट्टी, गुलाबकडं छडी, बब्रुवानांकडं खाटेचं गात, म्हणजे बाजूचा दांडा. डाव्या हातात बशा. चहा असा काठोकाठ, की श्वास सोडला तरी थरकतोय. तिघांनी श्वास बेतानं सोडायला घेतला. खुणेचा राक्षस आला की कसं बसायचं याची त्यांनी सकाळी तालीम केलेली होती.

मच्छिंद्रांनी भुयाराचं दार आखलं, चिंचोका बाजूस सारला आणि मुद्दाम घसा खाकरून म्हणाले, "बरं मग."

तिन्ही आयुधं वर! बशा तटस्थ! दाराआड काय, तर केरसुणी.

"केरसुणी करती काय?" आबारावांनी विचारलं.

"कोपऱ्यात हाय."

पुढच्या खोलीत पुन्हा "बरं मग". पुन्हा आयुधं वर. तिथं एक पाल.

"डोसकी किती?"

"एक."

"विषारी?"

"न्हाय."

"मग करती काय?"

"भिंतीवर हाय."

ऐसं एकदा न्हाय, दोनदा न्हाय, गड्यांनो, चौदा वेळा! "बरं मग", आणि रिकामा डबा. "बरं मग", आणि कुणाची तरी जुनी टोपी. पहिल्या पाच वेळा फौज तडफेनं उठली, सहाव्यास आबारावांच्या खांद्यास कळ लागली, नवव्यास गुलाबनं छडी मांडीवर ठेवली, आणि चौदाव्यास "बरं मग" म्हणलं तर बब्रुवानांनी जांभई दिली. दिवस कलला. दाराशी ठेवलेल्या दुधाच्या कॅनची सावली पार भिंतीवर चढली. आबाराव म्हणाले, "मुकादम, तुमचा राक्षस रजेवर हाय का?" आणि बब्रुवानांनी तर उजव्या हातानं फाशांची थैली सावकाश उचलून आपल्या खिशात बी घातली, की आता उगी उशीर कशाला. थैली जाताना मच्छिंद्रांनी बघितली. पर चिंचोका दाताखाली आला, आणि ते खाकरले न्हाईत, आणि बाजारातून आलेल्या माणसानं गूळ काय भाव ते सांगावं, तितक्या साध्या आवाजात म्हणाले,

"पुढचं दार उघडलं. आत पाणी हाय."

तिन्ही माना एकदम वर आल्या.

"पाणी?" आबाराव.

"पाणी."

"किती?"

"गळ्याइतकं. भिंतीपासनं भिंतीपतूर."

गुलाब, ज्या हेरानं न दिसणारा राक्षस जिलबीवरून धरला, ज्यानं साध्या पायपुसण्याला बी आधी छडी लावून बघितली, तो पुढं वाकला, आणि त्यानं सवाल काय करावा? "गोड का मचूळ?"

"गोड."

"गार हाय?"

"माठातल्यागत. तळ दिसतोय."

फासा कुणी मागितला न्हाय, तलवार कुणी उपसली न्हाय. तिघांच्या गळ्याच्या घाट्या एकदम वर गेल्या आणि खाली आल्या. आणि ज्यांच्यात भ्याची शीरच नव्हती, ते बब्रुवान ओरडले, "माझा पयला नंबर!" आणि डाव्या हातातली बशी, खडूच्या त्या दारापुढं, फरशीवर, थाप! नंबराला ठेवली!

"तुझा पयला कसा? खोलीची किल्ली कुणाकडं हाय?" आबारावांनी आपली बशी तिच्या अंगाशी आणून आदळली.

गुलाबनं तिसरी ठेवली, हळूच ठेवली, पर काठोकाठ भरलेलीच ती.

तीन बशा एका रांगेत. आणि फरशीवरून कोऱ्या चहाचा ओघळ निघाला तो भुयारातून वाहत, केरसुणीच्या खोलीला वळसा घालून, मच्छिंद्रांच्या पायापतूर. त्याकडं कुणाचं ध्यान न्हाय! तिघं म्हणायलेत, फुडं सांग, फुडं सांग.

"बब्रुवान टोप काढून पाण्यात बुडिवतोय," मच्छिंद्र म्हणाले.

"बुडिवला. भरला?"

"भरला. पर वर यिना."

"का यिना?"

"तुला वाटायलंय तू पाणी भरायलास," मच्छिंद्रांनी आवाज तसूभर बी चढवला न्हाय. "पाणी तुला भरायलंय."

बब्रुवानांनी आपला उजवा हात वर करून बघितला. मुकादमांनी सांगितलं, की कोपरापतूर गेला, आता खांद्यापतूर. यावर मागं उभ्या सोबत्यानं धावून जावं ही क्षात्रधर्माची रीत. आबाराव काय बोलले? "मग सरक की फुडं! मोकळी झाली न्हवं जागा? नंबर माझा हाय!" आणि आपण होऊन एक पाऊल पाण्यात टाकलं. पाण्यानं त्यांस कमरेइतकं घेतलं. उरला गुलाब.

मच्छिंद्र न्यायी मुकादम. त्यांनी विचारलं, "गुलाब, तू मोकळा हायस. दार मागं उघडं हाय. पळतोस?"

गुलाबनं मागं बघितलं. मग तिसऱ्या बशीकडं बघितलं.

"नंबर सोडून?"

आणि गेला. तिन्ही सरदार, नंबरवार, बिनातक्रार, पाणी-राक्षसाच्या पोटात.

मग बब्रुवानांचं ध्यान चहाकडं गेलं, आणि ते ताडकन उठले, की हा चहा दचकून सांडलेला न्हाय, घाईत सांडलाय, सबब मंजूर न्हाय. गुलाबनं पोटातूनच जाब दिला, की ठरावात 'राक्षसापायी सांडला पाहिजे' एवढंच हाय, आणि ह्यो राक्षसापायीच सांडला. बब्रुवान म्हणाले, पाण्याला राक्षस कोण म्हणतंय? गुलाब म्हणाला, ज्याला गिळलंय त्यो म्हणतोय. एक विरुद्ध एक. निर्णायक मत आबारावांचं, आणि आबाराव म्हणाले, की सभा तहकूब, मी चुलत्यांस विचारून सांगतो.

याच ऐन पेचात, वेशीकडून, भोंगा वाजला.

टँकरचा भोंगा! आदितवारी! टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी!

"बसा खाली!" बब्रुवान गरजले. "एकदा गिळलंय. दुसऱ्यांदा न्हाय गिळू द्यायचो."

"आवाज कुठनं काढतोस रं मच्छिंद्रा?" आबारावांनी पोत्याचं टोक उचलून खाली बघितलं.

मच्छिंद्रांस कळून चुकलं की हा भोंगा खरा. चौघांच्या घरच्या घागरी कोरड्या रहाणार. ते तळमळून उठले, आणि त्या गडबडीत चिंचोका गालातून निसटून घरंगळत गेला, आणि तोंडातून पडलं, "बरं मग, ह्यो खरा टँकर हाय!"

झालं! "बरं मग"! तिघांनी दार लावून घेतलं, आडणा घातला, आयुधं सरसावली, आणि दाराकडं तोंड करून बसले. बाहेर घागरींचा खणखणाट जाहला. "बघा कसं हुबेहूब," गुलाब पुटपुटला. बाहेर बायका भांडल्या. "लई तयारी केलीय गड्यानं," आबाराव म्हणाले. अर्धा तास फौज हालली न्हाय. मच्छिंद्र शपथा घेत राहिले, आणि एकेका शपथेस तलवारी जास्तच घट्ट धरल्या गेल्या.

मग दारावर लाथ बसली. आडणा मोडला. दारात मथुराबाई, काखेत रिकामी घागर.

"बरं मग?" मथुराबाई म्हणाल्या. "झाल्या का लढाया?"

तिघांनी आयुधं उगारली. त्यातलं एक त्यांच्या पोटच्या पोरानं.

तेथून पुढं जे घडलं ते थोडक्यात सांगणं बरं. तिन्ही आयुधं मथुराबाईंनी जप्त करून चुलीकडं रवाना केली. महालिंगप्पांस मंगळवारी मेव्हण्याच्या लग्नास जायचं होतं, सबब त्यांनी फेरी आजच मारली, ही खबर तेव्हा फौजेस लागली. चांगुणाबाईंनी आपला धोंडा शुक्रवारपासून उचललाच नव्हता, म्हणून त्यांच्या घागरी भरल्या; बाकी तिन्ही घरी नंबर धरायला धावणारी पोरंच खोलीत, ती घरं कोरडी. आणि मथुराबाईंचं फर्मान सुटलं, की चौघांनी मिळून, मुकादम धरून, दिवस बुडायच्या आत अर्ध्या कोसावरून, बोरीच्या पात्रातल्या झऱ्याचं पाणी तिन्ही घरी पोचतं करावं. हयगय केलिया चुलीत लाकडं कमीच हायेत.

चौघं निघाले. पुढं मच्छिंद्र, मागं तिघं, प्रत्येकाच्या खांद्यावर घागर. बोरीच्या वाळूत माणसांनी खणलेला हातभर खड्डा, त्यात पाणी पाझरायचं, वाटीनं भरायचं. मच्छिंद्र काठावर थांबले आणि मागं न बघता म्हणाले,

"पुढं पाणी हाय."

मागची पावलं एकदम थांबली.

"किती?" आबारावांनी लांबूनच विचारलं.

"वीतभर."

"गोड?" गुलाबचा आवाज.

"दिसतंय तर तसंच."

कुणी पुढं होईना. आबाराव म्हणाले, बब्रुवाना, तुझा पयला नंबर. बब्रुवान म्हणाले, न्हाय न्हाय, किल्ली तुमच्याकडं हाय. गुलाबनं आपली घागर सगळ्यांत मागं नेऊन ठेवली. मच्छिंद्र बाजूस सरले, की बघू म्हणलं. तेव्हा बब्रुवान, उपल्या बुरजावर पाय सोडून ऊस खाल्लेले बब्रुवान, यांनी एका हातात घागर धरली, दुसऱ्यात बाभळीची काठी घेतली, चार हात लांब उभे राहिले, अंग मागं आणि हात पुढं केला, आणि पाण्याला काठीनं ढोसलं.

पाण्यातून बेडूक उडाला.

बब्रुवान जागच्या जागी असे उडाले, की घागर एकीकडं, काठी दुसरीकडं, आणि आपण वाळूत उताणे. घागर ठणठणत पार उतारापतूर गेली. बेडकानं त्यांच्याकडं एकवार बघितलं आणि आपल्या कामाला लागला.

गुलाबनं घागर उचलून आणली, त्यांच्यापुढं ठेवली, आणि विचारलं, "बब्रुवाना, ही घाई होती का रं?"

बब्रुवान बराच वेळ वाळू झटकत बसले. मग त्यांनी खिशात हात घातला, थैली काढली, आणि मच्छिंद्रांच्या हातात ठेवली.

"घे मुकादम," ते म्हणाले, आणि मग लई बारीक आवाजात, "पर मला त्यातनं बाहेर काढ की रं. खांद्यापतूर गेलाय हात."

येणेप्रमाणे मुकादमकीचा जंग फत्ते जाहला, आणि राजश्री मच्छिंद्र पोत्याच्या घडीवर पुनश्च स्थानापन्न जाहले, आणि येत्या कबड्डीत त्यांस पंच म्हणून बसवावं ऐसं बी ठरलं. कामी आले तीन सरदार. जिवंत राहिले तेच तीन. कोरा चहा तीन बशा खर्ची पडला. तिन्ही घरी पाणी पोचलं, मथुराबाईंनी ते हुंगून घेतलं. आणि त्याआधी, झऱ्याच्या काठावरच, सूर्यास्ताच्या आत, ठराव क्रमांक बेचाळीस एकमतानं मंजूर होऊन दप्तरी दाखल आहे, की इतउप्पर भुयारात वा भुयाराबाहेर पाणी नजरेस पडल्यास चिंचखडीच्या माणसानं ते आधी काठीनं ढोसून बघावं. नंबर मात्र सोडू नये.